पाच चेहरे, एक गोळी

या आठवड्यात एका नातेवाईकाला पुण्यातल्या एका बड्या हॉस्पिटलातून घरी आणलं. विम्याच्या टीपीएची मंजुरी येता येता चार वाजले. तोवर बिलिंगच्या मुलीनं टॅब पुढे केला. त्यावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे आणि प्रश्न: ‘नर्सिंग स्टाफचं वागणं कसं वाटलं?’ वर हळूच, ‘काका, पाच द्या ना.’ दिले. मंजुरी अडकलेली असताना रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवायची छाती कुणाची?

घरी आल्यावर कळलं की रात्रीची छोटी पांढरी गोळी कशाची, हे पेशंटला माहीतच नाही. ‘सिस्टरनी दिली, घेतली.’ टॅबनं हे विचारलंच नव्हतं.

अमेरिकेतही रुग्णांना विचारतात, सरकारी सर्वेक्षणातून. एचकॅप्स त्याचं नाव, निकाल 2008 पासून जाहीर होतात. नर्स कशा वाटल्या, असं तिथे विचारत नाहीत. नर्सनी तुमच्याशी आदरानं वागणं, तुमचं लक्ष देऊन ऐकणं, तुम्हाला समजेल असं सांगणं हे किती वेळा घडलं, ते विचारतात. उत्तरं चार: कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी. जाहीर तुलनेत मान ‘नेहमी’ला. ‘बहुतेक वेळा’ म्हणजे आपल्याकडे फुलांचा गुच्छ मिळाला असता! नवं औषध देण्याआधी ते कशासाठी आहे हे किती वेळा सांगितलं, हाही प्रश्न त्यात आहे. म्हणजे आमची पांढरी गोळी तिथे पकडली गेली असती. शिवाय हे सगळं विचारायचं ते रुग्ण घरी गेल्यावर, निदान दोन दिवसांनी. बिलाच्या खिडकीपाशी नाही.

फरक सगळा त्या ‘किती वेळा’त आहे. आपला टॅब सिस्टरचा स्वभाव विचारतो. स्वभावाला गुण द्यायला सांगितले की भिडस्त मराठी माणूस पाचच देणार. पोरगी बिचारी रात्रभर धावत होती, हे त्यानं पाहिलेलं असतं. त्यांचा फॉर्म घडलेली गोष्ट विचारतो. सिस्टर गोड असूनही गोळीबद्दल काही बोलली नसेल, तर ते तिथे दिसतं.

तिथलंही सगळं सोनं नाही. ऑक्टोबर 2012 पासून या गुणांवर मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचे थोडे पैसे अवलंबून राहू लागले आणि नर्सना पाठ केलेली वाक्यं बोलायला लावणारी हॉस्पिटलं निघाली. वेदनेवरच्या प्रश्नामुळे डॉक्टर अफूजन्य गोळ्या सढळ हातानं लिहितील, अशी ओरड झाली, तेव्हा ते गुण पैशांच्या हिशेबातून काढावे लागले.

आता माझा नेहमीचा पाढा, नर्सच्या संख्येचा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे. कॅलिफोर्नियात 2005 पासून मेडिकल-सर्जिकल वॉर्डला हेच प्रमाण कायद्यानं पाळावं लागतं. आपल्या सरकारी वॉर्डात रात्री एकदा चक्कर मारा, खाटा मोजा, सिस्टर मोजा. संशोधक लिंडा एकेन यांचा 2002 चा अभ्यास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरचा होता. नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. आपल्या अशा वॉर्डात गोळी समजावायला कोण थांबणार? खासगीत माणसं थोडी बरी, पण तीही फायलींत बुडालेली. मला विचाराल तर वॉर्डातल्या निम्म्या अबोल्याचं मूळ एनएबीएच मानांकनासाठी भरायच्या रजिस्टरांत आहे. पुरावा मागू नका.

म्हणून तर आपल्याकडे पेशंटशी बोलायचं काम मावशींवर येऊन पडलंय. उद्या डिस्चार्ज आहे हे डॉक्टरांच्या आधी त्या सांगतात, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना काय झालंय तेही सांगतात. फक्त गोळीचं त्यांना विचारून उपयोग नसतो.

त्याच हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये एक नोटीस होती. शनिवारी सकाळी साडेआठला नर्सिंग स्टाफसाठी कार्यशाळा, विषय ‘ऐकण्याची कला’. नाइट करून उतरणाऱ्यांनाही हजेरी सक्तीची.