सूर चुकला तरी गा

ज्यांचा गळा शुद्ध नाही त्यांनी मिस्सात मौन पाळावे, असे मत आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात अधूनमधून कानी येते. ते आम्हांस मुळीच मान्य नाही.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात गायकवृंदाला उत्तेजन आहे, पण समस्त भाविकांचा सक्रिय सहभागही मागितला आहे. सहभाग मागितला आहे, परीक्षा नव्हे! लोकलमध्ये टाळ वाजवीत भजन म्हणणाऱ्यांच्या सुरांची झडती कोण घेतो?

एका वृद्ध भगिनीला एकदा आम्हीच खुणेने गप्प केले होते. दोष आमचा. पुढे पतीच्या शवपेटीपाशी तिने रेव्ह. ना. वा. टिळकांचे आपले आवडते भजन म्हटले. सूर घसरला, श्वास तुटला. पण जे शब्द आम्ही वर्षानुवर्षे सुरेल गात आलो, त्यांतला भरवसा आम्हांस त्या दिवशी प्रथम कळला.

वाचकहो, तालीम अवश्य करावी. परंतु सूर लागेपर्यंत मुके राहू नये. मरणाच्या दारी उभे असताना गळा कोणाचा शुद्ध राहतो?