कच्चा डाव आणि पक्की जात

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे बांधकाम १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. राजराजा चोळाने त्याच्या भिंतींवर देवळाचा सगळा जमाखर्च कोरून घेतला. कोणत्या गावातून देवळाला किती धान्य येणार, कोणती जमीन करमुक्त, याचा हा हिशेब आहे. त्या करमुक्त जागांच्या यादीत तळी, कालवे आणि स्मशानांच्या बरोबरीने दोन नावे येतात: परैच्चेरी आणि तींडाच्चेरी. परैच्चेरी म्हणजे परैयरांची वस्ती. तींडाच्चेरी म्हणजे ज्यांना शिवायचे नाही त्यांची वस्ती. हजार वर्षांपूर्वीच्या त्या नकाशात गावकुसाबाहेरची जागा अशी पक्की नोंदवलेली आहे.

त्याच देवळाच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजी दुसरे यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. देशातल्या सर्वांत लांब शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. मराठी माणूस तंजावरला गेला की तो लेख आवर्जून पाहतो, त्यासमोर फोटो काढतो. चेरीचा उल्लेख शोधायला सहसा कोणी जात नाही.

या दोन लेखांची आठवण काढण्याचे कारण थोडे वेगळे आहे. कॉलेजात, वसतिगृहात, नोकरीच्या शहरात आपल्यापैकी अनेक जण आता रोल-प्लेइंग गेम खेळू लागले आहेत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि काल्पनिक जग मांडतो. बाकीचे त्या जगातली पात्रे होतात. काय करायचे ते खेळाडू सांगतात, जमले की नाही ते फासे ठरवतात. काही दिवसांनी छापील पुस्तकातले जग पुरेनासे होते आणि कोणीतरी वहीत स्वतःचे जग रचू लागते. हे लेखन त्या वहीबद्दल आहे. जग रचणाऱ्याने काहीही न ठरवता त्यात जात कशी शिरते, आणि तिला लवकर कसे पकडायचे, हा आमचा मुद्दा आहे.

सुरुवात या खेळाच्या मुळापासून करू. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. त्याआधी दोघांनीही आपापली जगे घरच्या आणि मित्रांच्या टेबलावर खेळून पाहिली होती. गायगॅक्सच्या पहिल्या खेळाडूंमध्ये त्याची स्वतःची मुले होती. या खेळात पात्र अनुभव मिळवते आणि पायरी-पायरीने वर चढते. चढण्याची हीच गंमत खेळाचा जीव आहे. पण १९७४ च्या त्या नियमांत माणूस सोडून इतरांना जन्मावरून मर्यादा होती. बुटका 'ड्वार्फ' योद्धा सहाव्या पायरीच्या वर जाऊ शकत नसे. 'हॉबिट' योद्ध्याची वाट चौथ्या पायरीवर संपे. तो कितीही शूर असो, कितीही लढलेला असो, त्याचा जन्म त्याला तिथेच थांबवत असे.

बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिची ओळख असणाऱ्याला हा नियम वाचताना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नियम लिहिणाऱ्यांना जातीची व्यवस्था उभारायची नव्हती. त्यांना फक्त माणसाला नायक ठेवायचे होते. पण एखाद्याला कायम नायक ठेवायचे असेल तर दुसऱ्या कोणाला तरी जन्माने खाली ठेवावे लागते. ही मर्यादा २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गेली. 'वंश' हा शब्द बदलून 'प्रजाती' व्हायला २०२४ चे नियमपुस्तक उजाडावे लागले. एका खेळाला स्वतःचा नियम तपासायला पन्नास वर्षे लागली.

आता तंजावरकडे परत येऊ, कारण मराठीत रचलेल्या काल्पनिक जगाचा एक मोठा वारसा तिथे आहे. १६८४ ते १७१२ या काळात तिथे राज्य करणाऱ्या शहाजी राजाने मराठी, तेलुगू आणि इतर भाषांत नाटके रचली. त्याचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या प्रयोगाच्या दीडशे वर्षे आधीचे मराठी नाटक. सरफोजींनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचले. त्यात भविष्य सांगत हिंडणारी कुरवंजी साऱ्या जगाचा भूगोल सांगते. दरबारातल्या प्रेक्षकाला पृथ्वीची ओळख करून देण्यासाठी राजाने गावोगाव फिरणाऱ्या एका बाईचे तोंड निवडले.

ही निवड सुंदर आहे. पण नाटकाबाहेरची कुरवंजी कुठे होती? तिच्या जमातीला, कोरवांना, इंग्रजांनी पुढे गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणले. महाराष्ट्रातला कैकाडी समाज याच कुळातला. रंगमंचावर जिने जगाचा नकाशा सांगितला, तिच्या लेकींना गावाची वेस ओलांडताना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागली. तिच्या फिरण्यातून राजाला भूगोल मिळाला. ते फिरणे तिच्या पोराबाळांसाठी मात्र गुन्हा ठरले.

शहाजीचे 'सतीदानशूरमु' हे तेलुगू प्रहसन आणखी बोलके आहे. मन्नारगुडीच्या देवळातल्या उत्सवात एक विद्वान ब्राह्मण एका अस्पृश्य स्त्रीच्या मोहात पडतो, आणि तिचा नवरा तिला दान करायला तयार होतो. त्या काळात एका राजाने ब्राह्मणाच्या सोवळ्याची अशी टर उडवावी, हे विशेषच. तरीही शीर्षक वाचा. शूर ठरतो तो बायकोचे दान करणारा. बायको दानाची वस्तू. तिला काय वाटते, हेही राजाच ठरवतो.

नाटक आणि हा खेळ यांत इथे एक मूलभूत फरक आहे. नाटकात तिचे संवाद राजा लिहितो. खेळात त्या पात्रामागे एक खेळाडू बसलेली असते, आणि ती "मी जाणार नाही" असे म्हणू शकते. ती ब्राह्मणाला हसू शकते, नवऱ्याला सोडून वाट धरू शकते, उत्सवातून सरळ निघून जाऊ शकते. सूत्रधाराने कितीही तयारी केलेली असली तरी त्या एका वाक्यापुढे त्याला आपले जग पुन्हा मांडावे लागते. आमच्या मते या खेळाची खरी ताकद हीच आहे. म्हणूनच जग लवकर, कच्चे असतानाच टेबलावर आणले पाहिजे.

समजा, तुम्ही कावेरीच्या खोऱ्यावर आधारलेले जग रचले आहे. मोठी नदी, कालव्यांचे जाळे, आकाशाला भिडणारे देऊळ, पाच भाषांचा दरबार, ग्रंथांनी भरलेला महाल. वहीत दोनशे पाने झाली, देवांच्या वंशावळी तयार आहेत. पहिल्याच डावात एक खेळाडू विचारते, "आम्ही रात्री राहायचे कुठे?" दुसरा विचारतो, "एवढा भात लावते कोण?" तिसरा म्हणतो, "मंत्रविद्येच्या शाळेत मला घेतील का?" दोनशे पानांत याचे उत्तर नसते. मग सूत्रधार चटकन काहीतरी सांगतो, आणि त्या घाईतल्या उत्तरात जात येते. धर्मशाळेच्या दारात रखवालदार त्यांचे कूळ विचारतो. भात लावणारे लोक 'साधे, आनंदी, अडाणी' निघतात. मंत्र फक्त ठरावीक घराण्यांनाच येतात. हे त्या माणसाने मुद्दाम केलेले नसते. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींतून, पाहिलेल्या मालिकांतून जे साठले आहे, तेच घाईत बाहेर पडते.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे: दोनशे पानांची वाट पाहू नका. दहा पाने झाली की खेळा. एक गाव, एक अडचण, पाच माणसे एवढे पुरे. दोनशे पाने लिहिलेला माणूस आपल्या जगाचा बचाव करत बसतो. दहा पाने लिहिलेला माणूस ऐकू शकतो.

दुसरे, डाव चालू असताना वहीत चार गोष्टी टिपा. कोणत्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हते? कोण गप्प झाले, आणि नेमके कधी? सामान उचलायला, वाट दाखवायला, आधी मरायला कोणती पात्रे पुढे केली गेली? आणि जन्मावरून कोणाला फासे टाकण्याआधीच अधिक-उणे गुण मिळाले? डाव संपल्यावर खुलासे देऊ नका. एक गोष्ट बदला आणि पुन्हा खेळा. एका वेळी एकच, म्हणजे कोणत्या बदलाने काय झाले ते कळते.

तिसरे, टेबल बदला. आपल्याच खोलीतले मित्र आपल्याला सांभाळून घेतात. कधीही न खेळलेली ताई, वेगळ्या जातीतला सहकारी, शेतमजुरी केलेले काका यांना बसवा. कालव्याचे पाणी आधी कोणाच्या शेतात जाते, हे त्यांना माहीत असते आणि ते विचारतात. सूत्रधाराची जागाही फिरती ठेवा. एकाच माणसाकडे जगाचा शेवटचा शब्द कायम राहिला तर तो भला असला तरी राजाच होतो.

चौथी गोष्ट जपून करायची आहे. तंजावरचा प्रदेश म्हटला की कीळवेण्मणी येते. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातल्या या गावात, मजुरीसाठी लढणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत ४४ माणसे जाळून मारली गेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. पुढे उच्च न्यायालयात जमीनदार सुटले. भात लावते कोण, या प्रश्नाचे इतिहासातले उत्तर हे आहे. त्याचा थरार म्हणून वापर करायचा नाही. खेळ सुरू होण्याआधीच ठरवा: कोणत्या गोष्टी आपल्या जगात येणारच नाहीत, कोणत्या पडद्याआड ठेवायच्या. आणि कोणीही, कारण न देता, प्रसंग थांबवू शकेल अशी एखादी खूण टेबलावर ठेवा. जगभरचे खेळाडू हे आता करतात. आपल्यापैकी कित्येकांसाठी तो प्रसंग घरात घडलेला असतो, म्हणून आपल्याला त्याची गरज जास्त आहे.

मग आपल्या जगात जात असावी की नसावी? दोन्ही मार्ग खुले आहेत. अमेरिकेतल्या मूलनिवासी लेखकांनी 'कोयोटी अँड क्रो' या खेळात गोऱ्यांची वसाहत कधी झालीच नाही अशी अमेरिका रचली. जात कधी जन्मलीच नाही असे कावेरीचे खोरे तुम्ही रचू शकता. किंवा जात आहे आणि तिच्याविरुद्धचा लढा हाच खेळ आहे, असेही करू शकता. निर्णय तुमचा, पण तो जाणून घेतलेला असावा. मागच्या दाराने आलेली जात सर्वांत जास्त दिवस मुक्काम ठोकते.

केवळ अभ्यास दांडगा असून भागत नाही, हेही लक्षात ठेवू. दक्षिण आशियाई भाषांचे अमेरिकी अभ्यासक एम. ए. आर. बार्कर यांचे 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' १९७५ मध्ये आले. त्यातल्या जगाला स्वतःच्या भाषा, कुळे, देवळे होती. आजही त्याच्या बारकाईचे कौतुक होते. याच बार्कर यांनी टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहिल्याचे त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच २०२२ मध्ये मान्य केले. उतरंडीची सखोल माहिती असणे वेगळे आणि ती मोडावीशी वाटणे वेगळे.

त्याच २०२२ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या १३ साहसकथांच्या पुस्तकात मिमी मंडल यांची कथा आली. कोलकात्याच्या मिमी मंडल उघडपणे दलित लेखिका म्हणून लिहितात. २०१८ मध्ये ह्यूगो पुरस्कारासाठी त्यांना नामांकन होते. त्यांनी रचलेल्या भूमीला बंगालच्या नद्यांचा आधार आहे. जन्मावरून पायरी अडवणाऱ्या खेळात अठ्ठेचाळीस वर्षांनी आपल्यातल्या एका बाईने जग रचले.

काही वाचक म्हणतील, स्पर्धा परीक्षा डोक्यावर, शैक्षणिक कर्ज फेडायचे, घरी पैसे पाठवायचे. हे पोट भरलेल्यांचे खेळ आपल्याला कशाला? प्रश्न रास्त आहे. या खेळातून नोकरी मिळेल असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. पण जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये, शाळा चालवण्याच्या धामधुमीत, 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. पुढे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसे गावोगाव उभे राहिले. लोक कुठे हसले, कुठे उठून गेले, ते पाहून पुढचा प्रयोग सुधारत गेला. कच्चा डाव लोकांसमोर मांडून पक्का करण्याची ही परंपरा आपलीच आहे. पोट भरल्यावर कल्पना करू, असे त्या माणसांनी म्हटले नाही.

खर्चाचे म्हणाल तर महागडे इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचे फासे लागतातच असे नाही. एका बाजूने घासलेले चिंचोके तमिळ घरांत आणि आपल्याकडेही फासे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. पाच चिंचोके, एक वही आणि प्रश्न विचारणारी चार माणसे एवढ्यावर जग उभे राहते.

ज्यांच्या घरात पहिली पदवी आली, त्यांना आजवर दुसऱ्यांनी रचलेल्या जगात जागा मागावी लागली. आता नकाशा तुमच्या हातात असेल. त्यात वस्ती कुठे दाखवायची, विहीर कोणाची, शाळेचे दार किती रुंद, हे तुम्ही ठरवाल. पहिला डाव फसेल, आणि फसावाच. कुठे फसला ते लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसा.