भुलीतून जागे होणारे लेकरू



या पानावर आपण बोलतो ते संत्र्याच्या बहाराबद्दल, नाहीतर कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल. आजचा विषय निराळा आहे. मी डॉक्टर नव्हे. पण काटोलकडच्या माझ्या पुतण्याच्या चार वर्षांच्या मुलाचे हर्नियाचे ऑपरेशन नुकतेच नागपुरात झाले. तिथे जे पाहिले, ते उद्या तुमच्याही घरी घडू शकते.

ऑपरेशन नीट पार पडले. मुलाला बाहेर आणले, त्याने डोळे उघडले आणि एकदम किंचाळायलाच लागला. पाय झाडी, सलाईनची नळी ओढी, आईलाच दूर लोटी. डोळे उघडे, पण ओळख नाही. आजी घाबरली. "लेकराले बाहेरचं लागलं का जी?" म्हणत कनवटीचा अंगारा काढू लागली.

भूलतज्ज्ञ बाई मात्र शांत होत्या. त्यांनी खाटेचे कठडे वर केले, नळी सांभाळली आणि गलका करणाऱ्यांना बाहेर काढून आईला तेवढी जवळ ठेवली. वीसेक मिनिटांत मूल झोपले. पुन्हा उठले तेव्हा त्याने बिस्किट मागितले. मधले त्याला काहीच आठवत नव्हते.

बाईंनी मग समजावून सांगितले. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हे बरेचदा दिसते. लहान मुलांना सुई न टोचता मुखवट्यातून सेव्होफ्लुरेन नावाचे औषध हुंगवतात. ते श्वासावाटे झटकन निघून जाते, त्यामुळे मूल लवकर जागे होते. पण शरीर जागे आणि भान अजून झोपेत, अशी गत होते. शिरेतून प्रोपोफॉल दिले तर हा त्रास कमी होतो. म्हणून ऑपरेशनच्या शेवटी त्याचा थोडा डोस देण्याचीही पद्धत आहे. दुखणे आणि आधीची भीती यांनी त्रास वाढतो. कोणते औषध द्यायचे ते मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

आपले काम वेगळे. मुलाला गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, रागावू तर मुळीच नका. पडू नये इतके धरा आणि हळू बोलत राहा. ओठ निळे पडले, श्वास घोगरा झाला, रक्त दिसले किंवा अर्ध्या तासाने वेड थांबले नाही, तर नर्सबाईंना लगेच हाक मारा.

आणखी एक, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे. भुलीआधी जेवण व दूध सहा तास बंद, अंगावरचे दूध चार तास, साधे पाणी दोन तास. दवाखाना जे सांगेल ते पाळा. लेकरू रडते म्हणून मावशीने लपून बिस्किट दिले, तर भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. जिवावर बेतते. चुकून दिले गेलेच, तर लाज न धरता सांगून टाका. सर्दी-खोकलाही लपवू नका.

घरी आल्यावर काही दिवस मूल झोपेत दचकते, अंथरूण ओले करते, आईला सोडत नाही. आमचा गडी आठवडाभर आजीच्या कुशीत झोपला. अंगारा तिने लावलाच. मी काही बोललो नाही.