लिबिया : ठराव रक्षणाचा, शेवट सत्तांतराचा

कर्नल गडाफी यांच्या फौजा बेनगाझीच्या दिशेने सरकत असताना १७ मार्च २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्र. १९७३ संमत केला. बाजूने १० मते पडली; भारत, चीन, रशिया, ब्राझील व जर्मनी तटस्थ राहिले. नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ योजण्याची मुभा ठरावाने दिली. सत्ता उलथण्याचा त्यात उल्लेखही नव्हता.

सातच महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, नाटोच्या विमानांनी सिर्तजवळ गडाफींच्या ताफ्यावर हल्ला केला आणि बंडखोरांच्या तावडीत सापडलेले गडाफी मारले गेले. रक्षण कोठे संपले आणि एका पक्षाची लढाई कोठे सुरू झाली, हे तेव्हाच विचारायला हवे होते. नागरिकांना असलेला धोका फुगवून सांगितला गेला, असा निष्कर्ष ब्रिटनच्या संसदीय समितीने काढला तो २०१६ मध्ये. तोवर लिबियात परस्परविरोधी सरकारे उभी राहिली होती!

हस्तक्षेपाच्या विरोधकांनी मात्र यात विजय मानू नये. लिबियाची पुनरावृत्ती नको, असे सांगत रशियाने चीनच्या साथीने ऑक्टोबर २०११ पासून सीरियाविषयक ठराव नकाराधिकाराने रोखले. असद डिसेंबर २०२४ पर्यंत टिकले. दरम्यान लाखो माणसे मेली. रशियाची विमाने २०१५ मध्ये तेथे उतरली, ती असद यांच्याच मदतीला.

बळाच्या वापरावर सुरक्षा परिषदेची देखरेख असावी, असा विचार ब्राझीलने नोव्हेंबर २०११ मध्ये मांडला होता. बड्या राष्ट्रांनी तो मनावर घेतला नाही.