खड्डा सरकारी, गुन्हा मात्र मेलेल्यावर

आज पिकाचं नाही, रस्त्याचं लिहितोय. ऊसतोडी चालू आहेत, कापूस-तूर बाजाराला निघालीय, म्हणजे रात्री-अपरात्री रस्त्यावर जास्त करून आपलीच माणसं.

खड्ड्यात आदळून एखादा दुचाकीवाला गेला की पोलीस ठाण्यात जो कागद होतो, तो कधी नीट वाचलाय का? बऱ्याच वेळा त्यात असं असतं की मयताने हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून वाहन चालवलं आणि तो स्वतःच्याच मरणास कारणीभूत झाला. बघा, रस्त्याची परिस्थिती वाईट होती हे त्या कागदालाही मान्य आहे. फक्त दुर्लक्ष केलं ते मेलेल्याने! ज्यांनी तीन पावसाळे दुर्लक्ष केलं त्यांचं नाव कुठंच नाही. आणि आरोपीच मयत, म्हणून तपास बंद.

आमच्या शेजारच्या गावात दोन वर्षांमागं एक तरणा पोरगा असाच गेला. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याला साइड द्यायला गाडी डांबरावरून खाली घेतली. डांबर आणि साइडपट्टी यात वीतभर फरक. रस्त्यावर थरावर थर टाकत गेले, साइडपट्टीला मुरूम कुणी टाकलाच नाही. पंचनाम्यात त्या साइडपट्टीचा एक शब्द नाही. आणि चौथ्या दिवशी तिथं मुरमाचे दोन डंपर येऊन पडले. पुरावाच बुजवला म्हणा ना.

हे काही एका गावाचं दुखणं नाही. 2013 ते 2017 या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे 14,926 माणसं मेली, हा आकडा 2018 साली सुप्रीम कोर्टासमोर आला तेव्हा न्यायमूर्ती म्हणाले होते की सीमेवरही बहुधा इतके मरत नसतील.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायद्यात 2019 ला कलम 198-अ घातलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणी मेला किंवा अपंग झाला, तर संबंधित अधिकारी यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. माझ्या मते ही रक्कम म्हणजे थट्टा आहे. कोटीचं काम घेणाऱ्याला लाख म्हणजे चहापाणी. बरं, तो दंडही घरच्यांना मिळत नाही, सरकारी निधीत जातो. पण या कलमात एक कामाची गोष्ट आहे. दोष ठरवताना कोर्टाने बघायचं आहे की रस्ता धोक्याचा झालाय हे त्या खात्याला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का, आणि दुरुस्ती होईपर्यंत तिथं इशाऱ्याचा फलक लावला होता का.

आपण इथंच मार खातो. चावडीवर शिव्या घालतो, मोबाईलवर फोटो फिरवतो, पण खात्याला लेखी एक ओळ देत नाही. मग खातं म्हणायला मोकळं, आम्हाला माहीतच नव्हतं. ग्रामपंचायतीचं पत्र किंवा साधा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. त्यानंतर तिथं काही घडलं तर तोच शिक्का बोलतो.

अर्ज द्यायचा कुणाला? किलोमीटरचा दगड बघा. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. ग्रामसडकच्या रस्त्याला ठेकेदाराकडेच पाच वर्षं देखभाल असते, गावाच्या तोंडाला बोर्डवर त्याचं नावही असतं. बाकी कामांचा दोष दायित्व कालावधी माहिती अधिकारात मागा, अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं.

13 ऑक्टोबर 2025 ला मुंबई हायकोर्टाने चांगला निकाल दिला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मेला तर वारसांना 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम जबाबदार ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायची. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम 21 चा भाग आहे असं कोर्टाने म्हटलं. पण ते प्रकरण निघालं मुंबई आणि आसपासच्या शहरांच्या रस्त्यांवरून. माझं म्हणणं सरळ आहे. झेडपीच्या रस्त्यावर मेलेल्याचा जीव काही स्वस्त नाही. जिल्ह्याला अशीच समिती बसवा, तालुक्याला अर्ज घ्यायची सोय करा, आणि पैसे सरकारी तिजोरीतून न देता सही करणाऱ्याच्या खिशातून काढा. एका इंजिनीअरच्या पगारातून कपात झाली की साइडपट्ट्या आपोआप भरतील.

आता जे लिहितोय ते काहींना झोंबेल. पाइपलाइन आडवी नेताना विनापरवाना रस्ता फोडणारे कोण? आपलेच. रात्रीतून जेसीबी लावायचा, पाइप टाकायचा, वरून काळी माती लोटायची. पहिल्या पावसात ती माती बसते आणि रस्ताभर आडवी चर पडते. तिथं कुणी पडून मेला तर खात्याकडे बोट दाखवता येणार नाही. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा केला तर न्याय संहितेच्या कलम 285 ला 5 हजारांपर्यंत दंड आहे, आणि हयगयीने मृत्यू झाल्याचं सिद्ध झालं तर कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद. पंक्चर झालेली उसाची ट्रॉली अंधारात रिफ्लेक्टरशिवाय, दगड लावून रस्त्यात सोडणंही त्यातलंच. गावकीने ठरवून घातलेला, पांढरे पट्टे नसलेला स्पीडब्रेकरही तसलाच.

अपघात झालाच तर आधी जखमीला उचला. मग त्याच दिवशी खड्ड्याचे फोटो काढा, टेप लावून खोली दिसेल असे. पंचनाम्याला गावातला जाणता माणूस उभा करा आणि खड्डा, खचलेली साइडपट्टी, फलक नसणं हे लिहून घ्यायला लावा. नंतर मुरूम पडतो हे वर सांगितलंच.

पैशाचं म्हणाल तर खड्ड्यात एकटाच पडलेल्याला समोरच्या गाडीचा विमा नसतो. स्वतःच्या पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असेल तर तो कामाला येतो. पण तो मालकाचा असतो. आपल्याकडं गाडी म्हाताऱ्याच्या नावावर आणि चालवतो पोरगा, तिथं दावा अडतो. गाडी चालवतो त्याच्या नावावर करा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात अनुदान योजनेत सातबाराधारक आणि घरातला आणखी एक जण बसतो, वय 10 ते 75, मृत्यूला 2 लाख. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. मयत गाडी चालवत असेल तर लायसन मागतात, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या लायसनची मुदत आजच बघून घ्या.