शाळा न शिकलेल्या डॉक्टरीणबाई

सत्तरच्या दशकात जामखेड तालुका दुष्काळाने होरपळत होता आणि गावोगाव पाण्यासाठी बोअर घ्यायच्या होत्या. पाणी कुठे लागेल हे सांगायला भूगर्भतज्ज्ञ आले, तेव्हा डॉ. रजनीकांत आरोळे यांनी त्यांना आधीच गाठले. जागा दाखवायच्या त्या दलित वस्तीतल्याच दाखवा, एवढीच त्यांची विनंती होती. हातपंप वस्तीत बसले. ज्या माणसांना गावाच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या दारात आता साऱ्या गावाला घागर घेऊन यावे लागले. भाषण नाही, मोर्चा नाही. तहान लागली की माणूस पाण्याकडे जातोच, यावर त्या डॉक्टरांचा भरवसा होता.

रजनीकांत हे याच नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे. पत्नी डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांच्याबरोबर शिकलेल्या. लग्न झाले तेव्हाच दोघांनी खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचे ठरवले होते. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काढली आणि एक गोष्ट त्यांना छळू लागली. बरा करून घरी पाठवलेला रोगी तोच आजार घेऊन पुन्हा दारात उभा राही. गावात पाणी गढूळ आणि पोटात अन्न नाही, तिथे औषधाची बाटली किती पुरणार? दोघे अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये परतले ते थेट जामखेडला.

जामखेड म्हणजे जिल्ह्याचे टोक. पलीकडे बीड आणि धाराशिव, आकाशात ढग पण जमिनीवर पाऊस नाही, आणि दिवाळी सरली की ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या. ज्यांचे नाव आज जिल्ह्याने घेतले आहे त्या अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे. पण १९७० च्या सुमारास इथली परिस्थिती अशी होती, की जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधीच जात. हगवण, धनुर्वात, कुपोषण. यातले एकही मरण टाळायला मोठे इस्पितळ लागत नव्हते. वेळेवर साधी गोष्ट करणारे माणूस लागत होते.

आरोळ्यांचा पहिला बेत फसला. शिकलेल्या परिचारिका गावात ठेवायच्या, असे त्यांच्या मनात होते. पण शहरात शिकलेली मुलगी परक्या गावात एकटी राहायला तयार होईना आणि राहिलीच, तर गावातल्या बाया तिच्याजवळ मन मोकळे करीनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी, ही कल्पना पुढे आली. गावांनी निवडल्या त्या बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. ज्यांना स्वतःच्या घरातही कोणी मत विचारत नव्हते, अशा बाया.

दर आठवड्याला या बाया जामखेडला यायच्या, एकत्र स्वयंपाक करायच्या, एकत्र जेवायच्या, एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपायच्या. मराठ्याची, माळ्याची, महाराची, मांगाची. त्या काळात हीच गोष्ट शरीरशास्त्राच्या धड्यापेक्षा अवघड होती. शिकवणेही फळ्यावरचे नव्हते, गाणी आणि चित्रे यांतून चाले. वाचता येत नाही म्हणून या बायांनी सगळे डोक्यात ठेवले, आणि ते पक्के बसले.

त्या काय करायच्या ते जवळून पाहण्यासारखे आहे. पोटुशी बाई समोर बसली की डोळ्याची खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघायचा. फिकट दिसला तर रक्त कमी. मग नडगीवर अंगठा दाबून थोडा वेळ धरायचा आणि उचलायचा. खड्डा भरून आला तर ठीक, तसाच राहिला तर सूज आहे, धोका आहे, हिला जामखेडला न्यायला हवे. बाळंतपणाला हात लावण्याआधी नखे कापायची, साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, नाळ कापायची ती नव्या ब्लेडने आणि बांधायची ती उकळलेल्या दोऱ्याने. पहिले चिकाचे दूध टाकून द्यायची रीत होती, ते बाळाला पाजायला लावायचे. गरोदर बाईने पोटभर खाल्ले तर बाळ मोठे होऊन अडते, अशी समजूत होती. तिच्या सासूच्या शेजारी बसून, न भांडता, ती समजूत दूर करायची. हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजत राहायचे.

यात धाडस कुठे आहे, असे शहरात बसून वाटू शकते. पण मांगवाड्यातली बाई पाटलाच्या वाड्यात शिरून त्यांच्या सुनेच्या पोटाला हात लावणार, हे त्या गावात कोणी पाहिलेले नव्हते. तिला उंबऱ्याबाहेर थांबवले जाई. ती उद्या पुन्हा जाई. कुणाचे लेकरू तिच्या हातून वाचले, की दुसऱ्या घराचा उंबरा खुला होई. हे एकदा करून संपणारे शौर्य नव्हते, रोज नव्याने गोळा करावे लागणारे होते. त्यासाठी घरातल्या टोमण्यांनाही तोंड द्यावे लागे, आणि त्या घरांत पाठ थोपटणारे कोणी नव्हते.

दुसरे धाडस डॉक्टर दांपत्याचे होते, आणि ते तितकेच मोलाचे मानायला हवे. डॉक्टरकीचे ज्ञान मिळवायला दोघांची कित्येक वर्षे गेली होती. ते ज्ञान निरक्षर बाईच्या हाती देणे म्हणजे आपल्या हातातली सत्ता सोडणे, आणि तिच्या हातून काही चुकले तर जबाबदारी आपल्या अंगावर घेणे. आरोळ्यांनी ते केले. १९९६ पर्यंत प्रकल्पाच्या गावांतला बालमृत्यूचा आकडा १७६ वरून २६ वर आला होता.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून आरोग्य राखणाऱ्या प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. तीन वर्षांनी अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला, त्यामागे अशाच प्रयोगांचे बळ होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडच्या या बायांपैकी एक, मुक्ताबाई पोळ, बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांना सांगितले, की तुम्ही या झुंबरांसारखे, देखणे पण महागडे आणि दूरचे. आम्ही मात्र पणतीसारख्या, साध्या, पण एकीवरून दुसरी पेटवता येते अशा. जगभरच्या तज्ज्ञांपुढचे हे बोलणे त्यांना कोणी लिहून दिले नव्हते. २००८ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने या बायांवर लेख केला, त्यात जवळके गावच्या सरूबाई साळवे होत्या. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये गेले. काम थांबले नाही.

२००५ मध्ये देशाने 'आशा' योजना आणली. गावातलीच बाई, गावासाठी, ही जामखेडला उभी राहिलेली कल्पना देशभर गेली. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत, महाराष्ट्रात सत्तर हजारांहून अधिक. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, कारण कोविडमध्ये दारोदार फिरणाऱ्या त्याच होत्या. त्याच आशांना २०२४ च्या सुरुवातीला, कबूल केलेली मानधनवाढ मिळावी म्हणून, मुंबईच्या आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसावे लागले.

योजनेने जामखेडची बाई घेतली, पण तिच्यावर टाकलेला भरवसा पुरता घेतला नाही. आरोळ्यांच्या बाईला गाव निवडत होते आणि दर आठवड्याला तिचे ऐकून घेतले जात होते. आशेच्या वाट्याला बहुतेकदा रजिस्टर, मोबाइलमधली माहिती आणि कामागणिक मोबदला येतो. तिने रात्री बाराला आणलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात कोण कसे बोलते, यावर गावातली तिची पत ठरते. ही पत राखणे तिच्या एकटीच्या हातात नाही.

नगरहून जामखेड पाऊणशे किलोमीटरवर आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाया तिथे परदेशातून आलेल्या डॉक्टरांना शिकवत आल्या आहेत. आशांचे प्रशिक्षण आणि मानधन ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी एक दिवस तिथे जावे आणि त्या बायांसमोर सतरंजीवर बसून त्यांना विचारावे, की तुम्हाला काय लागले होते.