विमान खोटे, जात मात्र खरी!

"खेळात कसली आली आहे जात?" असे म्हणणारे शहाणे लोक आपल्याकडे कमी नाहीत. हेच लोक पूर्वी "शाळेत कसली जात, कचेरीत कसली जात" असे म्हणत होते. त्यांना द्यायला आपल्याकडे शाळेचे, कचेरीचे आणि पाणवठ्याचे दाखले होतेच. आता एक नवा दाखला माझ्या घरातूनच मिळाला आहे, आणि तो चक्क आकाशातला आहे. आकाशही खरे नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचे!

मंडणगड, दापोली, खेड ही माझ्या वकिलीची न्यायालये. उच्च न्यायालयाच्या कामासाठी मुंबईला गेलो की थोरल्या बहिणीकडे मुक्काम असतो. तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमा करतो. दोन वर्षांपूर्वी एका रात्री अकराच्या सुमारास त्याच्या कोपऱ्यातून आवाज येऊ लागले. कानाला हेडफोन, हातात जॉयस्टिक, पडद्यावर लढाऊ विमानाची कॉकपिट. "चेक सिक्स", "फॉक्स टू", "बिंगो फ्युएल" असे काहीबाही तो बोलत होता. मी नेहमीच्या मामासारखा खेकसलो, "परीक्षा तोंडावर आलीय आणि हे काय चालवलंयस?"

त्याने हेडफोन काढून शांतपणे समजावले. "चेक सिक्स" म्हणजे पाठीमागे बघ. "फॉक्स टू" म्हणजे उष्णतेचा माग काढणारे क्षेपणास्त्र सोडले. "बिंगो" म्हणजे परत फिरण्यापुरतेच इंधन उरले. हे शब्द खरे वैमानिक वापरतात. देशभरातली मुले इंटरनेटवरून एकत्र येऊन स्क्वाड्रन बनवतात. कोणी लीडर, कोणी विंगमन, कोणी जमिनीवरून सूचना देणारा कंट्रोलर. प्रत्येकाला हुद्दा, प्रत्येकाला टोपणनाव. लढाई नसेल तेव्हाही ही मुले वैमानिकासारखीच बोलतात, मोहिमेआधी ब्रीफिंग घेतात, उतरल्यावर चुकांचा हिशोब करतात. त्याला ते 'रोलप्ले' म्हणतात. आपल्या कोकणी भाषेत सांगायचे तर, घेतलेले सोंग शेवटपर्यंत इमानाने वठवायचे!

हा निव्वळ पोरखेळ आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत एडविन लिंक याने १९२९ साली जमिनीवर बसून विमान शिकण्याचे यंत्र तयार केले आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्या यंत्रावर शिकले. २००३ साली सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ' या आभासी जगात लोकांनी विमानतळ बांधले, हवाई दले उभी केली. आपल्या भारतीय हवाई दलाने स्वतः २०१४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये मोबाइलवरचे हवाई लढाईचे खेळ काढले. दुसऱ्या खेळाचे उद्घाटन तत्कालीन हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ यांनी केले. तरुणांना हवाई दलाची ओढ लागावी, हा त्यामागचा हेतू होता. जी ओढ लावण्यासाठी देशाचे हवाई दल पैसे खर्च करते, ती आमच्या पोराला आपोआप लागली तर मामाने खेकसायचे कशासाठी? मी गप्प झालो.

त्या रात्री त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. "मामा, तिथं कोणी आडनाव विचारत नाही. विमान कसं उडवतोस एवढंच बघतात."

बांधवांनो, हे वाक्य साधे नाही. आपल्या बापजाद्यांनाही एक 'भूमिका' दिली होती. मेलेली ढोरे ओढणे, सांगावे पोहोचवणे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणे. ती निवडायची सोय नव्हती, जन्मताच अंगाला चिकटत असे. ते जोखड कायद्याने तोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाचे विधेयक मांडले, आणि कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. सैन्यातही तेच झाले. ज्या महार सैनिकांनी इंग्रजांच्या लढाया लढल्या, त्यांची भरती १८९० च्या दशकात 'लढाऊ जात नाही' म्हणून बंद झाली. शौर्य तेच, बंदूक तीच, फक्त इंग्रजांनी जातीनुसार भूमिका बदलली! ज्यांचे मूळ गाव आमच्या तालुक्यातले आंबडवे, त्या सुभेदार रामजींच्या पिढीने हा अन्याय डोळ्यांनी पाहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल यावे लागले. अशा समाजातल्या मुलाला स्वतः निवडलेली भूमिका मिळते आणि त्याची लायकी केवळ कौशल्यावर ठरते, हे सुख किती मोठे असेल! ते आभासी असेना का.

पण ते सुख टिकले नाही.

गेल्या वर्षी १४ एप्रिलला माझ्या भाच्याने आपल्या विमानाच्या शेपटीवर निळे चिन्ह लावले आणि गटात 'जय भीम' लिहिले. बस्स, एवढेच! त्या रात्री व्हॉइस रूममध्ये पंधरा-वीस मुले होती, वेगवेगळ्या शहरांतली, एकमेकांना कधी न भेटलेली. कोणीतरी पूर्ण नाव विचारले. त्याने सांगितले. मग ज्या लीडरचा हा दोन वर्षे विंगमन होता, तोच हसत म्हणाला की आता याची भूमिका बदलू या. हा उडणार नाही, हा धावपट्टी झाडणार. पुढे जातीचे नाव घेऊन जे बोलला ते मी इथे छापणार नाही. सगळे हसले. त्या मोहिमेत खरोखरच याला विमान दिले नाही. "तू झाडू मारतोयस, असा रोलप्ले कर," असा हुकूम सुटला. याने विरोध केला तेव्हा उत्तर आले, "अरे, रोलप्ले आहे, मनावर काय घेतोस?"

विंगमनचे काम काय असते? लीडरच्या पाठीवर नजर ठेवायची. शत्रू मागून आला तर आधी याने ओरडायचे, वेळ पडली तर स्वतः आडवे जायचे. दोन वर्षे ज्याने तुझी पाठ राखली, त्याचे आडनाव कळताच तू त्याच्या हातात झाडू दिलास! विमान खोटे, आकाश खोटे, क्षेपणास्त्र खोटे. त्या सगळ्या खोट्यात एकच गोष्ट खरी निघाली, ती म्हणजे जात.

"खेळ होता" हा बचाव नवा नाही. गावोगावी आपल्याला हेच ऐकवले गेले की ही रीत आहे, परंपरा आहे, गमतीने घ्या. पण भूमिका जर जन्मावरून ठरवली असेल तर तो खेळ राहत नाही. त्या लीडरने झाडूची भूमिका चिठ्ठी टाकून काढली नव्हती. आडनाव विचारून काढली होती.

आता वकील म्हणून चार शब्द. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) प्रमाणे लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमान करणे किंवा जातिवाचक शिवीगाळ करणे गुन्हा आहे. विरोधी वकील पहिला मुद्दा काढेल तो असा की व्हॉइस रूम बंद खोलीसारखी आहे, ती 'लोकांच्या नजरेसमोर' कशी? सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हितेश वर्मा खटल्यात, चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला प्रकार या कलमात येत नाही असे म्हटले, हे खरेच आहे. पण त्याच न्यायालयाने २००८ च्या स्वर्णसिंग खटल्यात सांगितले की जागा खासगी असली तरी बाहेरच्या लोकांना दिसत-ऐकू येत असेल, केवळ नातेवाईक किंवा मित्रच तिथे नसतील, तर ती लोकांच्या नजरेसमोरची जागा ठरते. २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने समाजमाध्यमावरील मजकुरालाही हा कायदा लागू होऊ शकतो असे मत दिले. २०२२ साली केरळ उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की इंटरनेटवर टाकलेल्या मजकुरात पीडित व्यक्तीची हजेरी डिजिटल स्वरूपातही असू शकते. जिथे अनोळखी पंधरा-वीस जण ऐकत आहेत, ती खोली बंद कशी? माझ्या मते तिला भिंतीच नाहीत.

दुसरा मुद्दा हेतूचा. २०२४ साली शाजन स्कारिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे, एवढ्याने अपमान हा या कायद्याखालचा गुन्हा होत नाही, अपमान तिच्या जातीमुळे झालेला असावा लागतो. आपल्यातले काही जण या निकालाने नाउमेद झाले. पण आमच्या प्रकरणाला ही कसोटी लावून बघा! नाव कळण्याआधी विंगमन, नाव कळल्यावर झाडूवाला. मधल्या पाच मिनिटांत विमान उडवण्याचे कौशल्य तर कमी झाले नव्हते ना?

तिसरी गोष्ट, जी आपल्याच लोकांना माहीत नसते. "आम्ही बौद्ध, आम्हाला हा कायदा लागत नाही," असे मला पक्षकार येऊन सांगतात. १९९० साली राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती झाली, तेव्हापासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे. जातीचा दाखला मात्र हाताशी हवा.

आणि पुरावा? अशा प्रकरणात पुरावा म्हणजे रेकॉर्डिंग. माझ्या भाच्याने मोहिमांचे रेकॉर्डिंग सवयीने ठेवले होते, तेच कामाला येईल. मूळ फाइल पुसू नका, कापू नका, ज्या यंत्रावर आहे ते यंत्र जपून ठेवा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, ते वकिलाकडून नीट करून घ्या. आरोपी दुसऱ्या शहरातला असला तरी तक्रार आपल्या जवळच्या पोलिस ठाण्यात देता येते. "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवणाऱ्याला नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ दाखवा. प्राथमिक चौकशीच्या नावाखाली गुन्हा नोंदवणे लांबवले जात असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १८-अ दाखवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये बौद्ध समाजातले पहिले सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मंडणगड न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. उद्या त्या इमारतीत 'व्हॉइस रूम' हा शब्द प्रथमच उच्चारला गेला तर न्यायाधीशांना आश्चर्य वाटेल, पण कायद्याला वाटू नये.

माझी स्वतःची एक चूक कबूल करतो. हे सगळे कळले तेव्हा मी कायदा काढण्याआधी काय म्हणालो? "सोडून दे तो खेळ. नसता ताप." बहीणही तेच म्हणाली. पोरगा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मामा, त्यांनाही तेच पाहिजे होतं ना?"

मला उत्तर देता आले नाही. १९२७ साली महाडला आपली माणसे चवदार तळ्यावर गेली, तेव्हाही कोणी तरी म्हणाले असेल की आपल्या वाडीत विहीर आहे, कशाला जाता तिकडे? प्रश्न पाण्याचा नव्हताच. आकाशाचाही नाही. आपल्याला नको म्हटलेल्या जागेवरून आपण उठून जायचे का, एवढाच प्रश्न आहे.

आणि खऱ्या आकाशाचे काय? व्यावसायिक वैमानिक व्हायचे तर परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि खर्च काही दशलक्ष रुपयांच्या घरात जातो. केंद्राच्या शिष्यवृत्ती योजनेत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला या प्रशिक्षणासाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा घातली गेली होती, त्यात पंखसुद्धा येत नाही! 'महाज्योती'ने इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना आखली. तशीच भक्कम योजना 'बार्टी'ने का चालवू नये, हा प्रश्न आपल्या संघटनांनी विचारलाच पाहिजे. पण एक दार बिनखर्चाचेही आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात जाणाऱ्याचा प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते. त्या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींसाठी नाशिकला आहे. प्रवेश दहावीनंतर मिळतो. सैन्यदलांत आरक्षण नाही, म्हणून तयारीच सगळे काही आहे. आमच्या तालुक्यातल्या किती दहावीच्या मुलांना त्या संस्थेचा अर्ज कधी निघतो हे माहीत आहे? जयंतीच्या कमानीवर आपण जेवढे खर्च करतो, त्याच्या चौथाईत गावशाखा आणि मुंबईशाखा मिळून दहा मुलांचे गणित पक्के करून घेऊ शकतात.

माझ्या भाच्याने दोन महिने जॉयस्टिकला हात लावला नाही. आता पुन्हा बसतो. नव्या स्क्वाड्रनमध्ये आहे, शेपटीवर निळे चिन्ह तसेच आहे, आणि पहिल्याच दिवशी त्याने आपले पूर्ण नाव सांगून टाकले. तक्रारीचा मसुदा माझ्या टेबलावर आहे. सही त्याने करायची आहे, निर्णयही त्याचाच. मी एवढेच सांगितले आहे की सही केलीस तर वकील फुकट आहे, आणि नाही केलीस तरी विमान सोडू नकोस.

घरात असा पोरगा, अशी पोरगी असेल तर ओरडण्याआधी पाच मिनिटे शेजारी बसा. हेडफोनमध्ये काय ऐकू येते ते विचारा. नुसते क्षेपणास्त्रांचे आवाज असतील तर हरकत नाही. दुसरे काही असेल तर रेकॉर्डिंग ठेवायला सांगा.

जय भीम!